शोधलं, पण सापडलं नाही : रिपग्रेप काही फाइली का वगळतं?



संगणकावर एखादा शब्द शोधला आणि उत्तरादाखल एकही ओळ आली नाही, की आपण सरळ म्हणतो, "नाहीये यात." पण त्या रिकाम्या पडद्याचे अर्थ दोन असू शकतात. एक तर सगळ्या फाइली वाचून झाल्या आणि शब्द कुठेच नव्हता. किंवा ज्या फाइलीत शब्द होता ती फाइल उघडलीच गेली नाही. पडद्यावर दोन्ही वेळा सारखंच दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. यातलं नेमकं काय घडलं हे कसं ओळखायचं, ते आज समजून घेऊया.

विषय निघाला तो आमच्या केंद्रातल्या एका सरांच्या प्रश्नावरून. आपल्या रायगड जिल्ह्यातली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला बाहेर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलंही सोबत जातात. जाताना मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, पण ते दरवेळी परत येतंच असं नाही. अशीच एक मुलगी जूनमध्ये शाळेत आली, कार्ड हरवलेलं. तिला जोडाक्षरं वाचता येत होती का, हातच्याची बेरीज जमत होती का, हे पाहायला सरांनी मागच्या वर्षीच्या वर्णनात्मक नोंदींमध्ये तिचं आडनाव शोधलं. रिपग्रेपने एकही ओळ दाखवली नाही. सरांना मात्र पक्कं आठवत होतं की त्या नोंदी त्यांनी स्वतः टाइप केल्यात. "नोंद नाही" असं धरून चाललं असतं, तर त्या मुलीला पुन्हा मुळाक्षरांपासून बसवलं असतं.

आता हे रिपग्रेप काय आहे ते थोडक्यात. जुन्या लॅपटॉपवर विंडोज रखडायला लागलं की आपल्यातले काही जण उबंटू टाकून घेतात. त्यात टर्मिनल नावाची काळी खिडकी असते. तिथे आज्ञा टाइप करून शेकडो फाइलींमधला शब्द क्षणात शोधता येतो. यासाठीचं मूळ साधन ग्रेप. केन थॉम्प्सन यांनी ते बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी लिहिलं, साल १९७३. आज पन्नास वर्षांनंतरही ते प्रत्येक लिनक्सवर आहे. रिपग्रेप हे त्याचं नव्या पिढीतलं भावंड, अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये लोकांसमोर आणलेलं. प्रोग्रॅमर मंडळी वापरतात त्या व्हीएस कोडमधला शोधसुद्धा आतून रिपग्रेपच करतं. त्याची आज्ञा दोनच अक्षरांची, आरजी. (या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोटी अक्षरं टाकायची.)

रिपग्रेप वेगवान आहे याची तांत्रिक कारणं बरीच आहेत, पण एक कारण अगदी साधं : ते मुळात कमी वाचतं. आपल्याकडे कुठलाही कोळी सांगेल की जाळ्यात काय येणार हे जाळ्याची आस ठरवते. मोठ्या आसाचं जाळं टाकलं आणि बारीक मासळी आली नाही, म्हणून खाडीत बारीक मासळीच नाही असं कुणी म्हणत नाही. रिपग्रेपची आस प्रोग्रॅमर लोकांच्या सोयीने ठरवलेली आहे. त्यांच्या फोल्डरांत दुसऱ्यांनी लिहिलेल्या, आपोआप तयार झालेल्या हजारो फाइली पडून असतात. शोधताना त्या मध्ये आल्या तर कामाची ओळ हाती लागत नाही. म्हणून रिपग्रेप न विचारताच चार प्रकारच्या गोष्टी बाजूला ठेवतं : वगळण्याच्या यादीत असलेल्या फाइली, लपवलेल्या फाइली, ज्यांत साधा मजकूर नाही अशा फाइली, आणि दुसरीकडे बोट दाखवणारे दुवे.

वगळण्याची यादी

सरांची अडचण यातल्या पहिल्याच प्रकारात होती, म्हणून इथे जरा थांबूया.

सरांनी शाळेचं एक छोटं वेबपान केलं आहे. ते गिटहबवर ठेवलंय. गिट म्हणजे फाइलींमध्ये कधी काय बदल झाला याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ती बनवली. फोल्डरातलं सगळंच काही इंटरनेटवर चढवायचं नसतं. म्हणून गिटला एक यादी देता येते : या या गोष्टींकडे बघू नकोस. त्या यादीच्या फाइलीचं नाव टिंब-गिटइग्नोर. सरांनी शाळेची सगळी कामं एकाच मोठ्या फोल्डरात ठेवलेली. वेबपान त्यात, इतिवृत्तं त्यात, पोषण आहाराचे हिशेब त्यात आणि मुलांच्या नोंदीही त्यातच. मुलांची नावं, वजन-उंची, कोण कशात मागे आहे, हे जगजाहीर होऊ नये म्हणून त्यांनी गिटइग्नोरमध्ये एक ओळ लिहिली होती : नोंदी, आणि पुढे तिरकी रेघ. म्हणजे नोंदी नावाचा फोल्डर वर चढवू नकोस.

अगदी योग्य केलं. मुलांच्या बाबतीत इतकी काळजी घेणारे शिक्षक कमीच भेटतात.

पण रिपग्रेपही तीच यादी वाचतं. गिटचं फोल्डर दिसलं की ते गिटइग्नोर उघडतं आणि समजतं, या फोल्डरात याला रस नाही. "हे बाहेर पाठवू नकोस" आणि "यात शोधू नकोस" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. प्रोग्रॅमरच्या फोल्डरात ती बहुधा एकाच गोष्टीला लागू पडतात, म्हणून त्यांना हे सोयीचं वाटतं. शाळेच्या फोल्डरात नेमकं उलटं होतं. जे सगळ्यात जपायचं तेच यादीत जातं, आणि जे यादीत जातं ते शोधातून गळतं. हा दोष ना सरांचा, ना रिपग्रेपचा. रिपग्रेपच्या माहितीपुस्तिकेत हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. फक्त शोध रिकामा आला की पडद्यावर "अमुक फाइली वगळल्या" अशी सूचना येत नाही. ती यायला हवी होती असं माझं मत.

यावर पहिला उपाय म्हणजे आरजी नंतर हायफन आणि यू जोडायचा. म्हणजे सगळ्या वगळण्याच्या याद्या बाजूला ठेव. सरांनी एवढं केलं आणि त्या मुलीच्या सात ओळी समोर आल्या.

इथे एक धोका सांगायलाच हवा. शोध लागावा म्हणून काही जण गिटइग्नोरमधली ती ओळच खोडून टाकतात. असं अजिबात करू नका. पुढच्या वेळी वेबपान अद्ययावत कराल तेव्हा मुलांच्या नोंदी पानाबरोबर इंटरनेटवर जातील, आणि एकदा गेलेलं पूर्णपणे मागे घेता येतं याची खात्री नाही. दरवेळी यू लावायचा कंटाळा असेल तर त्याच फोल्डरात टिंब-इग्नोर नावाची दुसरी फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा : उद्गारचिन्ह, लगेच नोंदी, मग तिरकी रेघ. उद्गारचिन्हाचा अर्थ, हे वगळू नकोस. रिपग्रेप या फाइलीला गिटइग्नोरपेक्षा वरचा मान देतं, आणि गिट तिच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे नोंदी बाहेर जात नाहीत आणि शोधात मात्र येतात.

आणखी एक. ही यादी तुम्ही शोधताय त्याच फोल्डरात असेल असं नाही, वरच्या फोल्डरातली यादीही लागू होते. कुणाकडून तयार फोल्डर पेनड्राइव्हवर आणला असेल तर त्यातही अशी यादी असू शकते. ती सहज दिसत नाही, कारण तिच्या नावापुढे टिंब असतं.

टिंबाची गोष्ट

लिनक्समध्ये नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली फाइल लपलेली समजतात. याची गंमत रॉब पाइक या युनिक्सच्या जुन्या जाणकाराने २०१२ मध्ये लिहिली होती. सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी असायच्या. एक टिंब म्हणजे हाच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे वरचा फोल्डर. यादी दाखवताना त्या दोन नकोत, म्हणून कुणीतरी घाईत लिहिलं की पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नकोस. त्यामुळे टिंबाने सुरू होणारं सगळंच दिसेनासं झालं. लोकांना ते सोयीचं वाटलं, आणि त्या आडवाटेचा पुढे हमरस्ता झाला.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो? शाळेचा संगणक मुलंही वापरतात. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका त्यांना दिसू नये म्हणून आपण फोल्डराच्या नावापुढे टिंब देतो. मुलांपासून ती लपते (सातवीतल्या एखाद्या चतुर मुलापासून नाही लपत, तो भाग वेगळा), आणि तशीच रिपग्रेपपासूनही लपते. अशा वेळी यू दोनदा द्यायचा, हायफन यू यू. म्हणजे याद्याही नकोत आणि लपवालपवीही नको. जुनं ग्रेप फोल्डरात खोलवर शोधताना लपलेल्या फाइलीही वाचतं. पण फाइलींच्या नावाच्या जागी तुम्ही तारा टाकलात, तर टिंबवाली नावं टर्मिनलच गाळून टाकतं, बिचाऱ्या ग्रेपपर्यंत ती पोचतच नाहीत.

दुव्यांचं थोडक्यात सांगते. आगरदांड्याच्या जेट्टीवर "दिघी" अशी पाटी लावली, तरी पाटी म्हणजे दिघी नव्हे. तिकडे जायचं तर जंगलजेट्टीत बसून खाडी ओलांडावी लागते. दुवा ही अशी पाटी. रिपग्रेप पाटी बघतं आणि अलीकडेच थांबतं. पलीकडे जायला हायफन आणि मोठा एल सांगावा लागतो. आणि ज्या फाइली वाचायची तुम्हाला परवानगीच नाही, त्या कुठलंच साधन वाचू शकत नाही. तेव्हा निदान तशी सूचना तरी येते.

फाइल उघडली, तरी शब्द दिसेना

यू यू लावूनही सापडलं नाही तर आता फाइलीच्या आत बघायचं.

वर्डची नवी फाइल, एक्सेलची फाइल, लिबर ऑफिसची फाइल, या आपल्याला पान वाटतात, पण प्रत्यक्षात ती झिप केलेली गाठोडी असतात. आतला मजकूर दाबून भरलेला असतो. रिपग्रेपला तिथे "गणपती" हा शब्द शब्द म्हणून दिसतच नाही. पीडीएफचंही बहुधा तसंच. फाइलीत शून्य किमतीचा बाइट दिसला की रिपग्रेप समजतं, हा मजकूर नव्हे, आणि पुढे वाचायचं थांबवतं. यू तीनदा दिला तर ते अशा फाइलीही पूर्ण वाचतं, पण दाबलेला मजकूर सोडवून देत नाही. त्यासाठी रिपग्रेप-ऑल नावाचं वेगळं साधन आहे, ते वर्ड आणि पीडीएफमधला मजकूर बाहेर काढून शोधतं. किंवा महत्त्वाच्या नोंदी सरळ साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवा. मी तेच करते.

आपल्या किनाऱ्यावर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, छपरं उडाली, कागद भिजले. त्यानंतर वाचलेल्या रजिस्टरांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायची बऱ्याच जणांना सवय लागली. सवय चांगलीच. पण फोटोत अक्षरं नसतात, फक्त ठिपके असतात. टेसरॅक्टसारखं अक्षरओळख करणारं साधन मराठीतही चालतं, तरी हस्ताक्षराच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. फोटोतल्या नोंदी डोळ्यांनीच बघायच्या.

आता खास आपल्या मराठीची अडचण. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिका आठवा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, शिवाजी फॉन्ट, कृतिदेव, यातलं काहीतरी वापरून आपण टाइप करायचो. या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. कृतिदेवमध्ये "भारत" लिहिलं तर फाइलीत असतं मोठा एच, मग के, के, जे, आर. तुम्ही युनिकोडमध्ये भारत शोधलंत तर ते कसं सापडणार? फाइल वगळली गेली नाही, ती पूर्ण वाचली गेली, आणि तरीही आपल्या दृष्टीने वगळल्यासारखीच. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुने दस्तऐवज मोडीत असल्याने मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली, तशातलाच हा प्रकार. जुन्या फाइली एकदा युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच मार्ग. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, तिथे चुका राहतात.

युनिकोडमध्ये असूनही घोटाळा होतोच. जुन्या नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना "युनिकोड" असा पर्याय असायचा. त्यात देवनागरी "क" दोन बाइटांत साठवला जातो. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-आठ पद्धतीत तोच "क" तीन बाइट घेतो. ग्रेप तीन बाइटांचा साचा घेऊन दोन बाइटांच्या फाइलीत फिरतं आणि रिकाम्या हाताने परत येतं. रिपग्रेप इथे हुशार, फाइलीच्या सुरुवातीची खूण बघून ते पद्धत ओळखतं. २०१९ पासून नोटपॅडही यूटीएफ-आठमध्येच जतन करतं, त्यामुळे ही अडचण जुन्या फाइलींपुरती.

सगळ्यात फसवं मात्र यापुढे आहे. "ॲलर्जी" हा शब्द घ्या. यातलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक प्रकार म्हणजे "ॲ" हे सबंध एकच अक्षर. दुसरा म्हणजे "अ" आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र निरनिराळे. आरोग्य तपासणीच्या नोंदींत कुणाकुणाला ॲलर्जी आहे हे शोधलं आणि पाच नावं आली, तर सहावं नाव दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेलं असू शकतं. शेंगदाण्याची चिक्की वाटायच्या दिवशी ते सहावं नावच महत्त्वाचं. "दुसऱ्या", "ऱ्हास" यांतल्या अर्ध्या ऱ चंही असंच, तो तर तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो, त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं. रिपग्रेप यांना एक मानत नाही.

माझी युक्ती साधी आहे. शंकेचं अक्षर गाळायचं. "ॲलर्जी" ऐवजी फक्त "लर्जी" शोधायचं. "दुसऱ्या" शोधायचं असेल तर "दुस", मग टिंब आणि तारा, मग "या". टिंब-तारा म्हणजे मध्ये काहीही चालेल. चार ओळी जास्त येतील, त्या डोळ्यांनी बाजूला करता येतात. न आलेली ओळ डोळ्यांनी शोधता येत नाही.

मग तपासायचं कसं?

आपल्याला माहीत असलेली एक फाइल घ्यायची, जिच्यात तो शब्द आहे याची खात्री आहे. आरजी, शब्द, आणि पुढे त्या फाइलीचं पूर्ण नाव. फाइलीचं नाव थेट दिलं की रिपग्रेप वगळण्याची यादी किंवा टिंब बघत नाही, निमूटपणे ती फाइल वाचतं. आता शब्द सापडला, तर दोष गाळणीत आहे, हायफन यू कडे वळा. तरीही सापडला नाही, तर दोष मजकुरात आहे, म्हणजे फॉन्ट, फाइलीचा प्रकार किंवा अक्षराचं रूप. या एका चाचणीने अर्धं काम होतं.

दुसरी चाचणी : शब्द न देता आरजी, दोन हायफन, फाइल्स. रिपग्रेप ज्या फाइली वाचणार आहे त्यांची फक्त नावं दाखवतं. तीच आज्ञा हायफन यू यू लावून पुन्हा द्या. समजा पहिल्यांदा ३०० नावं आली आणि दुसऱ्यांदा ५००, तर मधल्या २०० मध्ये तुमचं काय काय आहे ते बघा. गिटच्या स्वतःच्या बऱ्याच फाइली त्यात असतील, त्या सोडून द्या. आणि नेमक्या कोणत्या यादीमुळे फाइल गळली हे हवं असेल तर शोधताना दोन हायफन आणि डीबग जोडा. पडद्यावर भरपूर इंग्रजी येईल, घाबरू नका. त्यात "इग्नोरिंग" हा शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वाचा. फाइलीचं नाव आणि तिला गाळणाऱ्या यादीचं नाव तिथेच शेजारी असतं.

केंद्रातल्या त्या सरांनी आता टिंब-इग्नोर फाइल करून ठेवली आहे. तुमच्याकडे एखादी फाइल यातलं सगळं करूनही सापडत नसेल तर तिचा प्रकार, ती कोणत्या वर्षी आणि कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केली होती, एवढं कळवा. मुलांची नावं असलेली मूळ फाइल मात्र पाठवू नका.